नामंजूर अर्जानंतरची प्रार्थना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणच्या पुढे लष्करासाठी ज्या दोन हजारांहून अधिक बराकी उभ्या करण्यात आल्या होत्या, त्या युद्ध संपून ओस पडतात न पडतात तोच फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सुमारे लाखभर सिंधी निर्वासितांनी भरून गेल्या. आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या छावणीचे उल्हासनगर झाले, तरी लोकांच्या तोंडी ‘कॅम्प’ राहिला तो आजतागायत. कॅम्प नंबर तीनमधल्या जुन्या माणसांपाशी घटकाभर बसावे, तर त्यांच्या आठवणींत सिंधू नदी, सक्कर-शिकारपूरच्या गल्ल्या आणि कराचीचा धक्का जितका येतो, तितकीच सरकारी कचेरीही येते. मागे राहिलेल्या घराचा, दुकानाचा, शेतीचा दावा दाखल करायचा, आणि त्या दाव्यांसाठी १९५० व १९५४ साली स्वतंत्र कायदे झाले. त्या दाव्याला ही मंडळी अजूनही ‘क्लेम’च म्हणतात. अर्ज गुदरायचा, पोचपावती ट्रंकेच्या तळाशी जपायची, नेमल्या तारखेस हजर राहायचे, पुरावा मागितला की सरहद्दीपलीकडे राहून गेलेला कागद आता कोठून आणावा या विवंचनेत रात्र काढायची, आणि अखेर मंजुरी हाती पडली तर तिच्यावरील आकडा गमावलेल्या वास्तूशी ताडून पाहून गप्प बसायचे, यात एका पिढीची उमेदीची वर्षे खर्ची पडली.

दुःखात सापडलेला मनुष्य ईश्वराकडे जातो तोही बहुधा याच रीतीने. नगर, जालना, औरंगाबादकडून रेल्वेच्या, शहाडच्या रेयॉन कारखान्याच्या किंवा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या नोकरीनिमित्त जी मराठी ख्रिस्ती कुटुंबे इकडे येऊन स्थायिक झाली, त्यांपैकी एका कुटुंबात मी वाढलो. आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत विनंत्यांची यादी वाचली जाते: कोणाचे ऑपरेशन, कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाची गेलेली नोकरी, कोणाचे पोर दहावीला. या यादीला हसणारे लोक मी पाहिले आहेत आणि ते मला कधीच रुचलेले नाही. ख्रिस्ताने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आहे, त्या अर्थी आपल्या लहानसहान गरजा त्याच्या पायाशी ठेवण्याची आपल्याला पुरी मुभा आहे. परंतु एखाद्या रविवारी त्या यादीतले एक नाव वाचले जात नाही. आजारी माणूस आदल्या आठवड्यात गेलेला असतो. साऱ्या मंडळीने गुडघे टेकून केलेला अर्ज नामंजूर झालेला असतो आणि त्यावर अपील नसते. तर्काने पाहिले तर प्रार्थना येथे थांबावयास हवी, कारण मागण्याजोगे काही शिल्लकच राहिलेले नाही. ती थांबत नाही. कित्येकांच्या आयुष्यात ती त्या दिवशी प्रथमच मुळापासून सुरू होते. हे असे का घडावे, आणि त्यात माणसाला जे सांत्वन लाभते ते खरे की मनाची नुसती समजूत, हा प्रश्न मला बराच काळ छळीत आला आहे.

त्याचे उत्तर शोधावयास लागलो की ख्रिस्ती मनुष्याला गेथशेमाने बागेपाशी थांबावेच लागते. अटकेच्या रात्री येशू आपल्या तिघा जवळच्या शिष्यांना घेऊन त्या जैतुनांच्या बागेत गेला, त्यांना जागे राहावयास सांगितले, आणि थोडे पुढे जाऊन पालथा पडून पित्यापाशी मागणे केले की हा प्याला शक्य असेल तर माझ्यापुढून निघून जावो. मत्तयाच्या वृत्तांतानुसार त्याने हे मागणे तीनदा केले. तिन्ही वेळा वरून शब्द आला नाही, आणि तिन्ही वेळा परत येऊन पाहतो तो शिष्य झोपलेले. जगातील कोट्यवधी लोक ज्याला देवाचा पुत्र मानतात, त्याची सर्वांत कळवळून केलेली प्रार्थना मान्य झाली नाही, ही गोष्ट शुभवर्तमानकारांनी लपविली नाही. प्याला टळला नाही, दुसऱ्या दिवशी क्रूस आला. पुढे पौलानेही आपल्या देहात सलणारा काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केल्याचे आणि तो दूर न झाल्याचे स्वतःच लिहून ठेविले आहे. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी एक नाकारलेली प्रार्थना आहे, त्या धर्मात प्रार्थनेचा अर्थ नुसत्या मागणी-पुरवठ्यावर बेतता येणार नाही, एवढे तरी यावरून कबूल करावे लागते.

मग त्या बागेत घडले तरी काय? लूकच्या वृत्तांतात एक देवदूत येऊन त्याला बळ देतो, परंतु त्या बळानंतर वेदना कमी झाल्याचे लूक सांगत नाही. उलट तो अधिकच आकांताने प्रार्थना करू लागला आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भूमीवर पडत होता, असे त्याचे वर्णन आहे. मला हे स्थळ वाचताना नेहमी थबकावयास होते. आपण बळ म्हणतो ते दुःख बोथट करणाऱ्या एखाद्या औषधाला, आणि येथे मिळालेले बळ तर दुःखात अखेरपर्यंत पुढे जाण्याचे आहे, त्याच्याकडे पाठ न फिरविण्याचे आहे. आणि त्या रात्री त्याने माणसांपाशी जे मागितले ते फारच थोडे होते: घटकाभर माझ्याबरोबर जागे राहा. तलवार काढा, साक्षीदार जमवा, पळण्याची वाट पाहून ठेवा, असे काही नाही. मित्रांना ते साधे जागरणही जमले नाही. आपल्या शेजारच्या घरी मयत झाले असता आपण काय बोलावे या भीतीने जायचे टाळतो, तेव्हा आपण त्या तिघा झोपलेल्यांच्याच पंक्तीला बसतो.

क्रुसावरचा आक्रोश हा याचाच पुढचा टप्पा आहे. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन आमच्याकडे क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात आणि चौथ्या उद्गाराची पाळी ज्याच्यावर येते तो वक्ता बहुधा अवघडून जातो, कारण तेथे येशू देवाने आपल्याला टाकल्याची फिर्याद देवापाशीच करतो. ते शब्द त्याच्या बालपणापासून ओठांवर असलेल्या बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहेत. भोवतीच्या लोकांना तर ते नीट ऐकूही आले नाहीत, हा एलियाला हाक मारतो आहे अशी त्यांची समजूत झाली. मरणाच्या वेळी स्वतःचे शब्द सुचत नसता पूर्वजांनी रडून ठेविलेले शब्द हाताशी असणे, ही केवढी शिदोरी आहे! स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी जवळपास तृतीयांश विलापाची आहेत. त्यांतील बहुतेक रडता रडता कोठे तरी वळतात आणि भरवशाच्या शब्दापाशी येऊन थांबतात. ८८वे मात्र वळत नाही. आरंभापासून अखेरपर्यंत त्यात खळगा, कबर, दुरावलेले मित्र आणि अंधार आहे, आणि अंधारातच ते संपते. ज्या लोकांनी पवित्र शास्त्राचे ग्रंथ निवडून एकत्र केले त्यांनी हे स्तोत्र गाळले नाही, की त्याच्या शेवटी आशेची एखादी ओळ डकविली नाही. निराश माणसाचे बोलणेही प्रार्थनाच आहे, हा निर्णय त्यांनी आपल्यासाठी करून ठेविला आहे, आणि मला तो ख्रिस्ती परंपरेतील अत्यंत दयाळू निर्णयांपैकी एक वाटतो.

१३७वे स्तोत्र तर जणू या गावासाठीच लिहिलेले आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावर बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारे ते बंदिवान, झाडांना टांगून ठेविलेली त्यांची वाद्ये, आणि परक्या मुलुखात आपले गाणे कसे गावे हा त्यांचा प्रश्न, हे सारे सिंधू सोडून उल्हासच्या काठी येऊन पडलेल्या माणसाला टीकेवाचून समजेल. त्या स्तोत्राचा शेवट सूडाच्या अशा भयंकर शब्दांनी होतो की उपासनेत तो भाग आम्ही गाळून वाचतो. तरी तो पोथीत आहे, कारण दुःखाने पेटलेल्या माणसाच्या मनात तो असतो. येथे सिंधी स्त्रिया झुलेलालपुढे पल्लव पसरून उभ्या राहिलेल्या मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ओढणीचे टोक दोन्ही हातांत धरून, ते किंचित वर उचलून, डोळे मिटून उभी असलेली म्हातारी काय मागत असेल ते तिचे तिला ठाऊक. परंतु आमच्या आयाबायाही संकटात देवापुढे पदर पसरतात तो असाच, आणि वालधुनीकाठच्या अंबरनाथाच्या देवळात १०६० सालापासून किती पदर पसरले गेले असतील याला गणती नाही. पदर पसरणे ही मनुष्यमात्राची भाषा आहे. ख्रिस्ती मनुष्य म्हणून मला जे वेगळे सांगावयाचे आहे ते पदर रिकामा परत आल्यानंतरचे आहे.

मराठी मातीला हा अनुभव परका नाही. शके १५५२च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले. त्यानंतरचे तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला बोल लावतात, त्याचे दिवाळे काढतात, आणि तरी त्याचा उंबरठा सोडीत नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, ते तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे मानीत आले, आणि म्हणूनच त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त मराठी माणसाच्या इतका जवळ येऊन बसतो. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. दरबार म्हटला की फिर्याद आलीच, आणि फिर्यादीला आत येण्याची वाटही आलीच. बेथानीच्या मार्थेने, आपला भाऊ लाजर गेल्यावर चार दिवसांनी पोहोचलेल्या येशूला, तू वेळेवर असतास तर तो मेला नसता असे तोंडावर ऐकविले. मरियेनेही पुढे तेच म्हटले. त्यांच्या या बोलण्याला येशूने अविश्वास ठरविले नाही, आणि थोड्याच वेळात लाजराला उठविणार हे ठाऊक असूनही तो कबरेपाशी जाता जाता रडला. उत्तर हाती असता त्याने आधी अश्रू का ढाळावेत, यावर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. मला वाटते, त्या दोघी बहिणींना उत्तराच्या आधी त्याचे अश्रू हवे होते.

महाराष्ट्रात या सर्वाची कसोटी ज्या एका आयुष्यात लागली ते पंडिता रमाबाईंचे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या १८५८ सालची; आईबापांबरोबर पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असता १८७४च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. होते नव्हते ते पूजाअर्चा, व्रते, दानधर्म यांत गेले होते. झाडपाला खाऊन दिवस काढल्यावर प्रथम वडील, मागून आई, मग थोरली बहीण अशी माणसे गळत गेली. भाऊ श्रीनिवास तिच्याबरोबर शेकडो कोस पायी चालून कलकत्त्यापर्यंत पोहोचला तो १८८० साली गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह झाला, आणि दोन वर्षे होतात न होतात तोच १८८२च्या आरंभी पटकीने तेही गेले. पदरी वर्षाच्या आतली मनोरमा. विद्येसाठी इंग्लंडला गेल्या, तर बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने वाँटेज येथे आत्महत्या केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते आणि त्या एका बालिकेखेरीज जवळचे म्हणावे असे कोणी उरले नव्हते.

या धर्मांतराविषयी आपल्याकडे जो वाद माजला तो मला येथे उकरावयाचा नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्यांनी स्वतः १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनातील एक कबुली, की बाप्तिस्म्यानंतरही सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे मतांतर झाले, विचार पटले, संस्था उभी राहिली, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन सुरू झाले, आणि आतले दुःख होते तेथेच होते. पुढे ज्या अनुभवाने त्यांना शांती दिली, तिचा पुरावा कोठल्या चमत्कारात नसून त्यांच्या पायांच्या वाटेत आहे: १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या, १९००च्या दुष्काळात गुजरातकडील मुली आणल्या, केडगावच्या माळावर मुक्तिसदन वसविले. ज्या दुष्काळाने त्यांचे आईबाप नेले, त्याच दुष्काळाच्या दारात त्या पुनःपुन्हा जाऊन उभ्या राहिल्या. स्वतःची मागणी कधीच मान्य झाली नाही असे जिला म्हणता आले असते, ती स्त्री दुसऱ्यांच्या मागणीचे उत्तर होऊन गेली.

१९०५ सालच्या आरंभी रमाबाईंनी मुलींना प्रार्थनेसाठी रोज एकत्र जमावयास सांगितले, आणि जूनच्या अखेरीस मुक्तिसदनात जे घडले त्याची वार्ता जगभर पसरली. शेकडो मुली एकदम, मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. रडणे, पापांची कबुली देणे, मग हर्षाने गाणे असे ते दिवसच्या दिवस चालले. इतिहासकार यात पवित्र आत्म्याच्या जागृतीचा इतिहास शोधतात आणि तो आहेच. मला मात्र त्या मुली दिसतात. वाटेवर मेलेली भावंडे पाहिलेल्या, विकल्या जाता जाता वाचलेल्या, केस काढून कोपऱ्यात बसविलेल्या या मुलींना मोठ्याने रडण्याची सवड आणि जागा तोवर कोणी दिली होती? विधवेने हुंदका गिळावा, अनाथाने उपकार स्मरावेत, हीच चालत आलेली वहिवाट. त्या रडण्यातला पश्चात्ताप किती आणि साठलेला शोक किती, हे वेगळे काढण्याचा हट्ट मी धरणार नाही. देवापुढे ते एकाच पात्रातून वाहिले आणि ते कोणी थांबविले नाही, एवढे मला पुरेसे वाटते.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. चाळीस वर्षांची, आईच्या सर्व कामाची वारस म्हणून तयार झालेली एकुलती एक मुलगी. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे असे मराठी भाषांतर करीत होत्या की जे खेड्यातील थोडे शिकलेल्या बाईलाही कोणी न सांगता कळावे. या कामाला दीड दशकाहून अधिक काळ लोटला होता आणि छपाई मुक्तिसदनातल्या बायकामुलीच करीत होत्या. ते काम मुलीच्या मृत्यूने थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला तो ते तडीस नेऊन. स्तोत्रसंहितेतील प्रत्येक विलाप, ईयोबाचा प्रत्येक आक्रोश, यिर्मयाचे प्रत्येक रडगाणे या बाईने एकेक शब्द तोलून मराठीत उतरविले होते. त्या शब्दांना तिच्या आयुष्याची साक्ष होती. तिला सांत्वन मिळाले काय, असा प्रश्न कोणी केला तर मी तिचे ते बायबल पुढे ठेवीन. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचीही तीच कथा: मे १९१८ मध्ये पोटच्या पोरासारखा घरात वावरलेला बालकवी भादलीच्या रेल्वेमार्गावर गेला, मे १९१९ मध्ये टिळक गेले, आणि त्यांनी अर्धवट टाकलेले ‘ख्रिस्तायन’ कधी शाळेचे तोंड न पाहिलेल्या या स्त्रीने हाती घेतले व उरलेला बहुतेक ग्रंथ स्वतः लिहून काढला.

थोरांची उदाहरणे देऊन झाली, तरी माझ्या मनात या विषयाचा जो खरा चेहरा आहे तो कॅम्प नंबर तीनमधल्या एका बराकीतला. प्लायवूडच्या भिंतीने दुभागलेली खोली, वर पत्रा, बाहेरच्या बोळात भाड्याच्या खुर्च्या, पलीकडच्या घरातून अधूनमधून शिलाई मशीनचा आवाज. कर्ता मुलगा दुखण्यातून उठला नाही. त्याच्यासाठी मंडळीने उपास केले होते, रात्रीच्या साखळी प्रार्थना केल्या होत्या. दफनानंतर दुसऱ्या संध्याकाळी आम्ही घरप्रार्थनेला जमलो. पेटी-ढोलकी कोणी आणली नव्हती. पाळकसाहेब त्याच्या आईशेजारी चटईवरच बसले. ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, “पाळकसाहेब, आता काय मागायचं? मागायचं व्हतं ते समदं मागून झालं.” पाळक जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “काही मागू नका, मावशी. तुम्ही नुसत्या बसा. आज आम्ही बोलतो तुमच्या वतीनं.” आणि ते बोलले तेही थोडेच. मुलाचे नाव घेतले, तो काय काम करी ते सांगितले, तो आम्हांला हवा होता असे देवाला स्वच्छ सांगितले, आणि हे आम्हांला कळत नाही हेही सांगितले. शेजारची सिंधी बाई चहाची किटली घेऊन आली होती ती दारातच डोक्यावरून ओढणी घेऊन बसली. ‘आमेन’ म्हणताना आमच्याबरोबर तिचेही हात जोडलेले होते. त्या घरी पुढे कित्येक दिवस चूल पेटली नाही, कारण कोणाकडून पिठले-भात, कोणाकडून दाल-पकवान असा डबा येतच राहिला. त्या माउलीचे दुःख हलके झाले असे मी म्हणणार नाही. ती एकटी नव्हती, आणि ज्याच्यावर ती रुसली होती त्याच्याशी तिचे बोलणे, आमच्या तोंडून का होईना, तुटले नव्हते.

बुद्धिवादी येथे म्हणेल, हे सारे शेजाऱ्यांचे प्रेम आहे, यात देव कोठे आला? त्याचा प्रश्न मी टाळणार नाही. शेजाऱ्याचे प्रेम आणि देवाचे सांत्वन यांच्यात भिंत घालणे मला जमत नाही, कारण ज्याला मी भजतो त्याने भुकेल्याला, आजाऱ्याला, बंदिवानाला भेटणे म्हणजे मलाच भेटणे असे सांगून ती भिंत आधीच पाडून ठेविली आहे. मात्र एक अंतर राहते. शेजारी रात्री आपापल्या घरी जातात. पहाटे तीन वाजता जाग येऊन गेलेल्या माणसाची जागा अंथरुणावर रिकामी दिसते तेव्हा कोणाला उठवावे? त्या वेळी ज्याच्याशी बोलता येते, ज्याच्यावर रागावता येते, आणि ज्याने स्वतः एका रात्री जागे राहणारे कोणी मागितले होते व ते त्याला मिळाले नव्हते, तो जागा आहे असा विश्वास माझ्या माणसांना असतो. हा विश्वास सिद्ध करून दाखविण्याची सोय माझ्यापाशी नाही. तो बाळगणारी माणसे त्या पहाटेतून कशी पार पडतात, हे मी पाहिले आहे.

ज्यांचा मला मनापासून राग येतो ते निराळेच लोक. मुलाच्या मरणानंतर आईला तुमचा विश्वास कमी पडला म्हणून सांगणारे, घरात काही गुप्त पाप असेल ते शोधा म्हणणारे, पुढच्या सभेत साक्ष देण्याजोगे काही घडले नाही म्हणून त्या घराकडे फिरकणे सोडणारे. अशांनी सांत्वनाच्या नावाखाली जी जखम केली ती मृत्यूनेही केली नव्हती. जन्मांधाला पाहून हे कोणाच्या पापाचे फळ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने ना त्याच्या, ना त्याच्या आईबापांच्या, असे सांगून ती सारी चौकशीच बंद केली होती. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले, तोवर ते उत्तम सांत्वनकर्ते होते. त्यांनी तोंड उघडून दुःखाची कारणमीमांसा सुरू केली आणि सगळे बिघडले. ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची वकिली करणाऱ्या या मित्रांवर.

कॅथलिक बंधूंना मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करता येते, २ नोव्हेंबरला कबरस्तानात मेणबत्ती लावून त्याच्यासाठी मागता येते. आम्हा प्रोटेस्टंट लोकांना आमच्या शिकवणुकीप्रमाणे मृतासाठी मागण्यासारखे काही राहत नाही, तो देवाच्या हाती गेला, विषय संपला. पूर्वी मला हे उणे वाटे. आता वाटते की या उण्यामुळेच आमच्या दुखवट्याच्या प्रार्थनेत एक दुर्मीळ मोकळीक आहे: तेथे कोणतेही काम साधावयाचे नसते, देवाशी नुसते बसावयाचे असते. ती मोकळीक आम्ही फार लवकर घालवितो. शोकाच्या घरी पाळक येतो तो तेविसावे स्तोत्र उघडतो, पुनरुत्थानाचा अध्याय उघडतो, आणि दहा मिनिटांत माणसाला कबरेपासून स्वर्गापर्यंत नेऊन सोडतो. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, पण लाजराच्या कबरेपाशी खुद्द प्रभूनेही रडण्याला आधी जागा दिली. म्हणून आमच्या मंडळीच्या पंचांना मी असे सुचविले आहे की दफनानंतरच्या पहिल्या संध्याकाळी ८८वे स्तोत्र पूर्ण वाचावे, त्याच्या अखेरच्या अंधाराला लगेच दुसरे आशेचे स्तोत्र जोडू नये, काही वेळ कोणी बोलू नये, आणि ज्याला वाटेल त्याने गेलेल्या माणसाविषयी देवाशी बोलावे, तक्रार असली तर तक्रारही करावी. आशेची स्तोत्रे महिनाभराने, वर्षाने, त्या घरातील माणूस स्वतः मागेल तेव्हा वाचावीत. पंचांपैकी दोघांना हे पटले आहे. एकाला ते विश्वासाला बाधक वाटते, आणि त्याच्याशी माझे बोलणे अजून चालू आहे.